यूएसबी हबला लावलेला गेम कंट्रोलर चालत नाहीये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोलर हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर, त्रास द्यायला लागला की निम्मे लोक पहिलं काम करतात ते ड्रायव्हर (पीसीला ती वस्तू चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) उडवून परत टाकायचं, आणि त्यातच अख्खी संध्याकाळ जाते. ड्रायव्हरचा नंबर खूप मागे आहे. आधी करंट, मग केबल, मग पॉवर सेव्हिंगच्या सेटिंग, आणि हे सगळं ठीक असेल तरच बाकीच्या गोष्टी. खाली साधारण त्याच क्रमाने लिहिलंय, पण तुमचा प्रश्न खाली असेल तर थेट तिथे गेलात तरी चालेल.

डायरेक्ट पीसीला लावला की मस्त चालतो, हबला लावला की मेलेला. कंट्रोलर खराब झालाय का?

नाही. डायरेक्ट चालतोय म्हणजे कंट्रोलर, त्याची केबल आणि ड्रायव्हर तिघंही सुटले. उरला हब, हबमधून पीसीकडे जाणारी वायर आणि हबला मिळणारा करंट. आता हबवरचं बाकी सगळं काढा, म्हणजे खरंच सगळं, पेनड्राइव्ह, फोन चार्जिंगची वायर, तो छोटा यूएसबी पंखा, आणि एकटा कंट्रोलर लावून बघा. एकटा असताना चालला तर करंट कमी पडतोय हे जवळपास नक्की. एकटाही चालला नाही तर हबचा दुसरा पोर्ट बघा, मग हबच पीसीच्या दुसऱ्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, कारण पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर कधी सैल असते तर कधी हलकी. आणि हबवर प्रत्येक पोर्टला वेगळं बटण असेल तर ते चालू आहे का बघा. हसू नका, केबल लावताना अंगठा लागून ते बटण बंद होतं आणि लोक दोन दिवस हबला शिव्या देत बसतात.

हबवर चार पोर्ट दिलेत म्हणजे चार वस्तू चालायलाच पाहिजेत ना?

पोर्ट चार, पण करंट एकाच वायरने येतोय. पीसीचा साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपपर्यंत करंट देतो, यूएसबी ३ चा ९००. ज्या हबला वेगळा ॲडॅप्टर नाही तो याच करंटमधून स्वतः पितो आणि उरलेला खाली वाटतो. यूएसबी २ च्या नियमाप्रमाणे अशा हबने प्रत्येक पोर्टला फक्त १०० मिलिअँप द्यायची हमी असते. माउस आणि कीबोर्डला तेवढं पुरतं. कंट्रोलरचं तसं नाही, त्यात व्हायब्रेशनच्या मोटर असतात, लाइट असतात, बॅटरीवाला असेल तर वायर लावल्या लावल्या तो चार्जिंगही सुरू करतो.

आता इथे एक गंमत आहे जी माहीत नसल्यामुळे लोक गोंधळतात. प्रत्येक यूएसबी वस्तू लावली की आधी पीसीला सांगते की मला जास्तीत जास्त इतका करंट लागेल. समजा कंट्रोलर म्हणाला ५०० पाहिजे, आणि हब म्हणाला की माझ्याकडे ॲडॅप्टर नाही, तर विंडोज किंवा मॅक त्या कंट्रोलरला सुरूच होऊ देत नाही. मग कंट्रोलरची लाइट क्षणभर लागते आणि पुढे काहीच होत नाही. पण बरेच स्वस्त हब इथे चक्क खोटं बोलतात, ॲडॅप्टर नसताना आहे म्हणून सांगतात, मग पीसी परवानगी देतो, कंट्रोलर सुरू होतो आणि गेम खेळताना मधेच बंद पडतो. म्हणून एका हबवर अजिबात न चालणारा कंट्रोलर दुसऱ्या हबवर अधूनमधून चालतो, दोन्हीकडे रोग एकच असतो.

कुठली वस्तू किती मागतेय हे बघायचं असेल तर विंडोजसाठी यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात डावीकडे सगळ्या पोर्टची उतरंड दिसते, कंट्रोलरवर क्लिक केलं की उजवीकडे मॅक्स पॉवरची ओळ शोधा. हबवर क्लिक केलं तर तो स्वतःला कुठल्या प्रकारचा म्हणवतोय तेही कळतं.

गेममध्ये गाडी आपटली किंवा स्फोट झाला की नेमका तेव्हाच कंट्रोलर डिस्कनेक्ट होतो. योगायोग आहे का?

योगायोग नाही, व्हायब्रेशन आहे. दोन्ही मोटर एकदम जोरात फिरायला लागल्या की करंटची मागणी झटक्यात वाढते, हबचा व्होल्टेज खाली येतो, कंट्रोलरमधली चिप रीसेट होते. तुम्हाला काय दिसतं तर गाडी भिंतीवर आपटली, हातात जेमतेम एक थरथर आली, लाइट विझली, विंडोजचा डिस्कनेक्टचा आवाज, लगेच कनेक्टचा आवाज, आणि गेम पॉज होऊन म्हणतोय कंट्रोलर जोडा. हे वायरवाल्या, बॅटरी नसलेल्या कंट्रोलरला जास्त होतं कारण त्यांना झटका सोसायला आतमध्ये काही साठाच नसतो.

तपासायचं कसं, तर गेमच्या सेटिंगमध्ये व्हायब्रेशन पूर्ण बंद करा आणि तीच लेव्हल परत खेळा. डिस्कनेक्ट थांबलं तर उत्तर मिळालं, आता ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही, कंट्रोलर डायरेक्ट लावा किंवा ॲडॅप्टरवाला हब वापरा. व्हायब्रेशन बंद ठेवून खेळणं हा पण एक उपाय आहे म्हणा, पण मग कंट्रोलर घेतला कशाला.

ॲडॅप्टरवाला हब घेतला तर सगळं सुटेल का?

करंटचं सुटेल, पण ॲडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. आउटपुट ५ व्होल्ट २ अँप म्हणजे एकूण २ अँप, सगळ्या पोर्टमध्ये मिळून. सात पोर्टच्या हबबरोबर असला चिमुकला ॲडॅप्टर देतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात पॉवर्ड हब. दोन कंट्रोलर, एक हेडसेट, एक बाहेरची हार्डडिस्क एवढं लावायचं असेल तर ४ अँपच्या आसपासचा ॲडॅप्टर असलेला बरा. दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूचा ॲडॅप्टर पिन बसतेय म्हणून घुसवू नका, १२ व्होल्टचा निघाला तर हब तर जाईलच, बरोबर कंट्रोलर पण जाऊ शकतो.

अजून एक, काही हलक्या हबमध्ये ॲडॅप्टरचा करंट उलटा पीसीकडे पण जातो. ओळखायची खूण म्हणजे पीसी पूर्ण बंद केला, मेन स्विच पण बंद केला, तरी कीबोर्डची किंवा मदरबोर्डची एखादी लाइट मिणमिणत राहते, किंवा हब लावलेला असताना पीसी धड सुरूच होत नाही. असा हब ठेवू नका, सरळ बदला.

कंट्रोलर चार्ज होतोय, लाइट पण लागते, पण पीसीला दिसतच नाही.

केबल. साध्या यूएसबी २ केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, आणि बऱ्याच स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या दोन तारा टाकलेल्याच नसतात. बाहेरून काहीच फरक कळत नाही. तपासायला सोपी युक्ती, तीच केबल फोनला लावून पीसीवर फोनमधले फोटो उघडतात का बघा, उघडले तर केबल डेटावाली. जुन्या मायक्रो यूएसबीच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे पीएस४ चा ड्युअलशॉक ४ किंवा सुरुवातीचे एक्सबॉक्स वन, अजून एक भानगड असते, कंट्रोलरचा पोर्टच ढिला होतो, केबल जरा वर उचलून धरली की चालतं आणि सोडली की गेलं. टाइप सी मध्ये केबल उलटी करून लावा, एका बाजूने चालतेय आणि दुसऱ्या बाजूने नाही असं झालं तर आतल्या पिना झिजल्यात किंवा त्यात कचरा आहे. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने साफ करा, सुई घालू नका.

एक्सबॉक्स ३६० च्या वायरलेस कंट्रोलरला जी प्ले अँड चार्ज केबल यायची ती तर मुळात फक्त चार्जिंगचीच आहे, त्या कंट्रोलरला पीसीवर चालवायला वेगळा वायरलेस रिसीव्हर लागतो. ती केबल कुठल्याही हबला लावा, काही होणार नाही.

"यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड" येतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसतो. आता तरी ड्रायव्हर टाकू का?

थांबा अजून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, कोड ४३ बरोबर "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पीसीने विचारलं तू कोण आणि पलीकडून नीट उत्तरच आलं नाही. ओळखच पटली नाही तर कुठला ड्रायव्हर लावणार? म्हणजे परत केबल, करंट, हब. आधी हे करा, हब आणि त्याचा ॲडॅप्टर दोन्ही काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी ॲडॅप्टर लावा मग हब पीसीला लावा आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी. हबची चिप अडकलेली असेल तर एवढ्याने सुटते.

नाही सुटलं तर पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नाही, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं आणि त्यात शटडाउन करताना सिस्टमचा बराच भाग झोपवून ठेवतात, अडकलेला यूएसबीचा ड्रायव्हर परत तसाच अडकलेला उठतो. रीस्टार्ट दाबलं की सगळं नव्याने सुरू होतं.

त्यानंतर मग ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून शो हिडन डिव्हायसेस करा, कंट्रोलरच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी एकेक अनइन्स्टॉल करा, कंट्रोलर परत लावा. वेगळा ड्रायव्हर डाउनलोड करायची गरज बहुतेक कंट्रोलरना पडत नाही, एक्सबॉक्सवाल्यांचा विंडोजमध्येच असतो.

दहा-पंधरा मिनिटं कंट्रोलरला हात लावला नाही की तो गायब होतो, काढून परत लावला की येतो.

हे खरंच सेटिंगचं आहे, निदान एक तरी. विंडोज करंट वाचवायला रिकाम्या बसलेल्या यूएसबी वस्तूंना झोपवतं, त्याला सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणतात, आणि काही हब झोपतात चांगले पण उठताना खाली लावलेल्या वस्तूंना विसरतात. दोन जागी बदल करायचा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सेटिंग्ज, तिथे सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. काही नवीन लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही, तेव्हा दुसरी जागा वापरा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात खाली यूएसबी कंट्रोलर्स उघडा, तिथे जेवढे यूएसबी रूट हब आणि जेनेरिक यूएसबी हब दिसतील त्या प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जाऊन "करंट वाचवायला हे डिव्हाइस बंद करू दे" अशा अर्थाची जी टिक असते ती काढा. प्रत्येकाच्या म्हणजे प्रत्येकाच्या, एक राहिला तर नेमका तुमचा हब त्याच्याखाली असतो.

वायरलेस कंट्रोलर स्वतःहून बंद होणं वेगळं, बॅटरी वाचवायला तो काही मिनिटांनी झोपणारच, त्यात हबचा काही दोष नाही.

सगळ्या सेटिंग केल्या तरी वेळी-अवेळी अख्खा हब जातो-येतो आणि पीसी एएमडीच्या ५०० सिरीज चिपसेटचा आहे, तर मदरबोर्डचा बायॉस, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर, किती जुना आहे बघा. त्या बोर्डांवर यूएसबी अधूनमधून तुटायचं, एएमडीने २०२१ मध्ये ते मान्य करून एजीसा १.२.०.२ मध्ये (एजीसा म्हणजे बायॉसमधला एएमडीचा भाग) दुरुस्ती दिली, ती नव्या बायॉसमधून येते.

हबमुळे लॅग वाढतो का? डायरेक्टच लावायला पाहिजे असं सगळे म्हणतात.

म्हणू द्या. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची असते, वायरवाले बरेच कंट्रोलर पीसीला दर ४ मिलिसेकंदांनी माहिती देतात, आणि चांगला हब त्यात जी भर घालतो ती जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या घरातली. ती हाताला कळत नाही, तुमच्या टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर त्याने याच्या कितीतरी पट उशीर होतो. हबवर बटण दाबलं की उशिरा उडी मारतोय असं खरंच जाणवत असेल तर तो लॅग नसून डेटा मधेमधे गळतोय, आणि ते परत केबल किंवा करंट.

हेडसेट आणि कंट्रोलर एकाच हबवर लावले की आवाज खरखरतो.

हा जरा आतला मामला आहे. बहुतेक कंट्रोलर आणि बरेच यूएसबी हेडसेट १२ एमबीपीएसच्या जुन्या फुल स्पीडवर चालतात, हब मात्र पीसीशी ४८० च्या वेगाने बोलतो. मधे भाषांतराचं काम करणारा एक भाग हबच्या चिपमध्ये असतो, ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर. स्वस्त हबमध्ये सगळ्या पोर्टना मिळून असा एकच असतो, म्हणजे सगळ्या संथ वस्तू मिळून ते १२ एमबीपीएस वाटून घेणार, चांगल्या हबमध्ये प्रत्येक पोर्टला वेगळा. आवाजाला वेळेवर डेटा पाहिजे असतो म्हणून तो आधी बोंबलतो. सोपा उपाय, हेडसेट पीसीला डायरेक्ट आणि कंट्रोलर हबवर. नवीन हब घेणार असाल तर माहितीत मल्टी टीटी लिहिलंय का बघा, पण बऱ्याचदा कुणी लिहितच नाही.

कंट्रोलर लावला की स्पीकरचा आवाजच गेला!

ड्युअलशॉक ४ किंवा पीएस५ चा ड्युअलसेन्स असणार. वायरने लावले की हे दोघं पीसीला साउंड कार्ड म्हणून पण दिसतात, आणि विंडोज कधी कधी आवाज तिकडे वळवतं. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट परत तुमच्या स्पीकरवर करा. मायक्रोफोन पण तिकडे गेलाय का तेही बघून घ्या, नाहीतर मित्रांना तुमच्या बटणांचा खडखडाट ऐकू येत राहील.

यूएसबी ३ चा हब घेतला तर कंट्रोलर फास्ट चालेल का?

नाही. यूएसबी ३ चा हब म्हणजे एकाच डबीत दोन हब असतात, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या, तारा पण वेगळ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक हब लावल्यावर दोन नोंदी दिसतात त्या त्यामुळेच. तुमचा कंट्रोलर कायम यूएसबी २ वाल्या बाजूलाच बसणार. फायदा झालाच तर करंटचा होतो, ५०० च्या जागी ९००.

टाइप सी च्या डॉकला, म्हणजे मॉनिटर वगैरे पण लावता येणाऱ्या मोठ्या हबला, ४के मॉनिटर लावला की हार्डडिस्कचा वेग एकदम पडतो पण कंट्रोलरला काहीच होत नाही, त्याचं कारणही हेच, मॉनिटर फास्टवाल्या तारा खाऊन टाकतो, यूएसबी २ ची जोडी वेगळी असते.

वायरलेस कंट्रोलरचा डाँगल हबला लावलाय, तीन फुटांवरून पण सिग्नल तुटतो.

हबवर यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह शेजारी आहे का? यूएसबी ३ चालू असताना जो रेडिओ गोंगाट करतं तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण पडतो, आणि तुमचा डाँगल, म्हणजे कंट्रोलरचा तो छोटा रिसीव्हर, तिथेच बोलतोय, ब्लूटूथ पण तिथेच. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक सविस्तर पेपर काढला होता, म्हणजे हे नवीन नाही. डाँगल हबपासून लांब न्या, एक साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डाँगल टेबलावर समोर, कंट्रोलर जिथून दिसेल अशा जागी ठेवा. पीसीच्या मागे, लोखंडी कॅबिनेटच्या आडोशाला लावलेला डाँगल हबशिवाय पण त्रास देतो. बरेच लोक इथे कंट्रोलरच बदलतात, आणि नवीन पण तसाच वागतो.

हबला दुसरा हब लावला तर चालतं का?

नियमाप्रमाणे पीसी आणि वस्तू यांच्यामध्ये ओळीने पाच हब चालतात. पण मोजताना लपलेले हब पण मोजा, मॉनिटरमधला एक, डॉकमधला एक, लॅपटॉपच्या आत पण असतो. आणि सात पोर्टचा हब हा बऱ्याचदा आतून चार पोर्टचे दोन हब एकमेकांना जोडलेले असतात, पहिल्याचा एक पोर्ट दुसऱ्याला जोडण्यात जातो म्हणून सातच उरतात. त्यामुळे अशा हबवर काही पोर्ट चालतात आणि शेजारचे तीन-चार एकदम मेलेले असं झालं तर आतला एक हब गेलाय. कंट्रोलर लावायचाच तर पहिल्या हबला लावा. पाच मीटरपेक्षा लांब साध्या केबलच्या भानगडीत पडू नका, सोफ्यापर्यंत न्यायचं असेल तर ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन केबल मिळते.

दोन कंट्रोलर लावले की प्लेअर एक आणि दोन सारखे बदलतात. शिवाय पोर्ट बदलला की बटणांचं सेटिंग पण जातं.

नंबर बहुतेक वेळा ज्या क्रमाने पीसीला दिसले त्या क्रमाने मिळतो, आणि हब परत चालू झाला की तो क्रम बदलू शकतो. गेम सुरू करायच्या आधी दोन्ही काढा, प्लेअर एकचा आधी लावा, दोन सेकंद थांबून दुसरा. पोर्टचं म्हणाल तर ज्या कंट्रोलरमध्ये स्वतःचा सिरीयल नंबर नसतो त्याला विंडोज पोर्टवरून ओळखतं, पोर्ट बदलला की त्याच्या लेखी तो नवा कंट्रोलर. हबवर पोर्ट ठरवून टाका आणि टेपचा एक तुकडा चिकटवा.

चारपेक्षा जास्त लावायचे असतील तर हब मोठा घेऊन फायदा नाही, एक्सइनपुट (विंडोजमध्ये एक्सबॉक्ससारखे कंट्रोलर वाचायची पद्धत) वापरणाऱ्या गेमना चारच कंट्रोलर दिसतात.

एकदा बटण दाबलं की गेममध्ये दोनदा दाबलं जातं.

हब निर्दोष. गेमला एकच कंट्रोलर दोन रूपात दिसतोय. एकतर तो ब्लूटूथने पण जोडलेला आहे आणि वायरने पण, किंवा स्टीम इनपुट (स्टीम या गेमच्या ॲपमधली कंट्रोलरची सोय) किंवा तसलंच दुसरं सॉफ्टवेअर त्याचा एक नकली एक्सबॉक्स कंट्रोलर बनवतंय आणि गेम खरा-नकली दोन्ही वाचतोय. एक बंद करा.

विंडोजमध्ये दिसतो, टेस्टमध्ये सगळी बटणं चालतात, फक्त गेममध्ये नाही.

विंडोजच्या रन खिडकीत (विंडोज बटण आणि आर) जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की कंट्रोलरची यादी येते, प्रॉपर्टीजमध्ये बटणं दाबून बघता येतात. तिथे चालतंय तर हबचं काम संपलं. नवे गेम एक्सइनपुट मागतात आणि जुने किंवा साधे कंट्रोलर डायरेक्टइनपुट या त्याआधीच्या पद्धतीवाले असतात. काही कंट्रोलरवर मागे एक्स आणि डी असा छोटा स्विच असतो तो एक्सवर करा, नसेल तर गेम स्टीममधून चालवून स्टीम इनपुट चालू करा.

स्टिक आपोआप एका बाजूला सरकते, हबचा करंट कमी पडत असेल का?

डायरेक्ट लावून त्याच टेस्टमध्ये बघा. तिथेही सरकत असेल तर स्टिकच्या खालचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती वळली ते मोजणारा भाग, झिजलाय. फक्त हबवरच सरकत असेल, असं क्वचित होतं, तर व्होल्टेजचा प्रश्न.

मॅक, लिनक्स, मोबाइलवर काय वेगळं?

ॲपल सिलिकॉनच्या मॅकबुकवर मॅकओएस व्हेंचुरापासून नवीन वस्तू लावली की परवानगी विचारतात, ती खिडकी चुकून बंद झाली की हब लावूनही सगळं मेलेलं. हब काढून परत लावा आणि अलाउ करा.

लिनक्सवाल्यांना फार सांगायला नको, एलएसयूएसबी कमांड डॅश टी लावून चालवली की उतरंड आणि प्रत्येकाचा वेग दिसतो, आणि डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) उघडं ठेवून कंट्रोलर लावला की कुठे अडलं ते तिथेच छापून येतं. ड्युअलसेन्ससाठीचा अधिकृत ड्रायव्हर कर्नल ५.१२ पासून आणि निन्टेंडो स्विच प्रो साठीचा ५.१६ पासून आहे, त्याआधीचं काही चालवत असाल तर आधी अपडेट. लॅपटॉपवर टीएलपी हे बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर त्याचं यूएसबी ऑटोसस्पेंड बघा.

मोबाइलवर फोनच हबला करंट देतो, आणि तो हात आखडता घेतो. चार्जर लावायची सोय असलेला टाइप सी हब घ्या. काही फोनमध्ये ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू लावायची सोय) सेटिंगमधून हाताने चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं.

आणि कन्सोलला हब लावला तर?

निन्टेंडो स्विचला प्रो कंट्रोलर वायरने चालवायचा तर सेटिंगमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये वायर्ड कम्युनिकेशन चालू करावं लागतं, नाहीतर वायर फक्त चार्जिंग करते आणि खेळ वायरलेसनेच चालतो. पीएस५ वर कंट्रोलर हबवरून चार्ज होईल, पण गेम साठवायची यूएसबी ड्राइव्ह हबवर चालत नाही, ती डायरेक्टच पाहिजे, म्हणजे हबवर कंट्रोलर टाका आणि मोकळा पोर्ट ड्राइव्हला द्या. एक्सबॉक्सवर २०२३ च्या नोव्हेंबरपासून लायसन्स नसलेले कंट्रोलर अडवायला लागलेत, तिथे स्क्रीनवर तसा एरर येतो, हब बदलून काही होणार नाही.

कंट्रोलरचं फर्मवेअर अपडेट हबवरून करू का?

नको. फर्मवेअर म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, मधेच करंट गेला तर अपडेट अर्धवट राहील. डायरेक्ट पोर्ट, चांगली केबल, बॅटरी असेल तर भरलेली.

सगळं करून झालं, अजून चालत नाही. दुरुस्तीवाल्याला किंवा वॉरंटीवाल्यांना काय सांगू?

नुसतं "हबवर चालत नाही" सांगू नका, पहिला तासभर ते तुम्हाला वरचंच सगळं परत करायला लावतील. हे लिहून न्या: हबचं मॉडेल आणि ॲडॅप्टरवरचा अँपचा आकडा, कंट्रोलर डायरेक्ट चालतो का, त्याच केबलने चालतो का, हबवर एकटा असताना चालतो का, व्हायब्रेशन बंद केल्यावर फरक पडला का, आणि डिव्हाइस मॅनेजरमधला कोड. शक्य असेल तर दुसऱ्या कुठल्या पीसीवर तोच हब आणि तोच कंट्रोलर लावून बघा. तिथे चालला तर तुमच्या पीसीचा पोर्ट दाखवा, तिथेही नाही चालला पण कंट्रोलर डायरेक्ट चालतोय तर फक्त हब घेऊन जा, कंट्रोलर घरीच ठेवा.